बिजेचं पाणी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच रिकामा आहे.

मागे राहनाळच्या गोदामांची निळ्या पत्र्यांची रांग. उजवीकडे मातीचा जुना बांध, मधेच एका जागी खचलेला. त्याच्या पलीकडे खाडी, पण ती अजून विंगेत उभी आहे. दिसत नाही, तिचा वास तेवढा पुढे आलाय. आणि बांधाच्या अलीकडे, गोदामांपर्यंत, चाळीसेक एकरांचं खाजण. काळा चिखल, वरून वाळून भेगाळलेला. त्यातून बोटं वर काढावीत तशी तिवरांची मुळं. कडेकडेनं मोरसेची लालसर, मांसल पालवी. ऊन फाल्गुनातलं, वेळ सकाळी साडेअकराची.

बांधावर एक पांढरी जीप येऊन थांबते. आणि त्याच वेळी समोरच्या वस्तीकडून एक बाई प्रवेश करते. साठी उलटलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय अनवाणी, खांद्यावर फावडं. मोठमोठ्या नायिकांना जन्मभर घोकून जमत नाही असा तो प्रवेश. घाई नाही, रेंगाळणं नाही. जिथं उभं राहायचं ती जागा आधीपासून ठरलेली असल्यासारखी ती येते आणि जीपच्या समोर उभी राहते.

ही मंदा. राहनाळच्या खालच्या अंगाला तीस घरांची बौद्ध वस्ती आहे, तिथली. जीपमधून उतरल्या त्या पाहणीला आलेल्या सरकारी मॅडम. त्यांच्याबरोबर वही धरलेला एक कारकून. मोटारसायकलला टेकून उभा आहे तो दीपेश, जमीनमालकाचा मुलगा, डबर-मातीचा सप्लायर. आणि बांधावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत ते त्याचे वडील, केसरीनाथ. गाव त्यांना केसूदादा म्हणतं.

प्रश्न एकच होता. दीपेशच्या अर्जात लिहिलं होतं की ही जागा पडीक आणि कोरडी आहे, इथं भरतीचं पाणी येत नाही, सबब भराव करून गोदामं बांधायला हरकत नसावी. ते खरं की खोटं, हे मॅडमनी बघून लिहायचं. त्यांनी 'कोरडी' असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी डंपर सुरू.

मंदाला त्या एका शब्दाची किंमत ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी खाजणाचा पलीकडचा तुकडा भरला गेला. त्या श्रावणात वरून पाऊस आणि खालून उधाण एकदमच आलं. एरवी असं पाणी खाजणात पसरायचं, चिखलात मुरायचं, तिवरांच्या मुळांत दम खायचं आणि ओहोटीला आपल्या पायांनी परत जायचं. त्या वर्षी त्याला पसरायला जागा उरली नाही. ते मंदाच्या चुलीपर्यंत आलं. पिठाचा डबा घरातल्या घरात तरंगत तिच्यासमोरून गेला. उरलेलं खाजणही भरलं, तर पुढच्या वेळी डब्यामागून घर जाणार, हे समजायला तिला कुणा इंजिनियरची गरज नव्हती.

तिच्या नावावर इथं वीतभर जमीन नाही, कधीच नव्हती. पण तिचं सगळं आयुष्य या चिखलानं पोसलंय. आई, तुळजा, तिला सहाव्या वर्षी इथं घेऊन आली. लोखंडी आकडी बिळात कशी सरकवायची, चिंबोरी नांगी आवळते तेव्हा हात कसा सैल सोडायचा, चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी कोणत्या बाजूनं झाकायची, हे सगळं आईनं शिकवलं. लग्न झालं ते जानूशी. तो कामतघरच्या लूमवर रात्रपाळीचा कामगार. यंत्रमागांच्या खटाखटीनं कान गेलेले, त्यामुळे संसारात भांडणं फार झाली नाहीत, असं ती हसत सांगते. तिनं स्वतः वीस वर्षं कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. लूम बंद पडले की मात्र घर खाजणावर चालायचं. चिंबोऱ्या निजामपुऱ्याच्या बाजारात जायच्या, मोरस घरी शिजायची.

मोरसेचा एक नियम आहे. तिच्यात मीठ घालायचं नाही. खाडीनं आधीच घातलेलं असतं. सून प्रियंका कल्याणची. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं भाजी केली आणि रीतसर चमचाभर मीठ घातलं. त्या दिवशी घरातल्या चार माणसांनी मिळून पाण्याची अख्खी कळशी संपवली. "पोरी," मंदा म्हणाली, "समिंदरानं रांधलेल्यावर आपन हात फिरवायचा नसतो."

आता केसूदादांचंही सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खेळ त्यांच्या तोंडी आहे.

एके काळी या बांधाच्या आत खाऱ्या भाताची शेती होती आणि बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला ते बंद ठेवायचं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडायचं, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. ते दार चाळीस वर्षं केसूदादांनी सांभाळलं. आडदांड शरीर, घुमणारा गळा. गावच्या जत्रेतल्या नाटकात राजाची भूमिका त्यांचीच. गॅसबत्तीच्या उजेडात पुठ्ठ्याचा मुकुट घालून ते उभे राहिले की मागच्या रांगेतली तान्ही मुलंही रडायची थांबत. पाठांतर यथातथाच; पण समोरच्यानं वाक्य टाकलं आणि यांनी उत्तर चुकवलं, असं एकदाही झालं नाही. झोपेत असले तरी.

चिंबोऱ्यांना जाणाऱ्या बायका बांध ओलांडून खाडीच्या चिखलात उतरायच्या. चिखलात पाय रुतलेला असताना भरती आली तर जीव जातो. म्हणून उतरण्याआधी खालून हाक मारायची रीत होती, "केसूदादाऽऽ, पानी कवा?" आणि उघाडीवरून उत्तर यायचं, तिथीसकट, वेळेसकट. त्या उत्तरावर बायका जीव सोपवून निर्धास्त व्हायच्या. मंदानं ती हाक वयाच्या सहाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली आणि पुढे पंचवीस वर्षं स्वतः मारली.

मग शेती परवडेनाशी झाली. पोरं लूमवर गेली, नंतर गोदामांत. एका पावसाळ्यात बांध फुटला, मोठी खांड पडली आणि ती बुजवायला कुणी आलं नाही. उघाडी वाहून गेली. खाडी आत आली ती आलीच. शेताची ढेकळं विरघळली, आधी मोरस उगवली, मग तिवर, मग तिवराच्या आसऱ्याला कोळंबीची पिल्लं, आणि त्यांच्यामागून बगळे. जमीन पुन्हा खाजण झाली. दीपेशनं त्या खांडीवरून भरावाचा रस्ता काढला आणि पाण्यासाठी एकच सिमेंटचा पाइप ठेवला. तो पाइप डबरानं सारखा बुजायचा. कोण बुजवतं याची चौकशी मंदानं केली नाही. दर उधाणाच्या आधी ती फावडं घेऊन जायची आणि तोंड मोकळं करून यायची. दोन वर्षं. गावातली टवाळ पोरं तिला 'म्युनिसिपालटी' म्हणायची.

तर त्या दिवशी बांधावर.

मॅडम दूरच्या, कोरड्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या. त्यांच्या गावी पाणी एकदा गेलं की परत येत नसे. त्यांनी चिखलावर पाय दाबून बघितला. भेगा पडलेल्या.

"आजी, पाणी कुठंय?"

"येतंय मॅडम. पन आज न्हाय येनार."

दीपेश खदखदून हसला. "ऐका! एरवी रोज येतं, मॅडम आल्या की येत नाय. लाजतंय बिचारं."

कारकूनही हसला. मंदा हसली नाही. तिनं वाकून मोरसेचा शेंडा खुडला, पदराला पुसला आणि मॅडमपुढे धरला. "खावा."

मॅडमनी भीत भीत चावला. "खारट आहे."

"मीठ कोनी घातला?"

मॅडमनी उरलेला शेंडा बोटांत फिरवून बघितला. बाई मनानं चांगल्या होत्या. "आजी, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण चव पंचनाम्यात कशी लिहू? मला डोळ्यांना दिसलं पाहिजे." मग त्यांनी कारकुनाच्या वहीतला रकाना बघितला. "तुमचा या जमिनीशी संबंध काय? सातबाऱ्यावर नाव आहे?"

"न्हाय."

"कूळ?"

"न्हाय."

"मग संबंध काय लिहू?"

मंदानं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. रकाना कोरा राहिला. "मावशे," दीपेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, हेच जास्त लागलं, "नागसेनला इथंच सुपरवायझर लावतो म्हटलं ना मी? तुझ्याच पोराच्या पोटावर कशाला फावडं मारतेस?"

मॅडम खुर्चीकडे वळल्या. "काका, जमीन तुमची. तुम्ही सांगा. पाणी येतं का इथं?"

केसूदादांनी मुलाकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे. मग कानाला हात लावला. "मना ऐकू येत न्हाय."

मॅडमनी मोठ्यानं विचारलं. त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. "वय झाला. न्हाय ऐकू येत." मॅडमनी सुस्कारा सोडला आणि कारकुनाला म्हणाल्या, "लिहा, पाहणीच्या वेळी जागा कोरडी..."

मंदा वळली. फावडं तिथंच टाकलं आणि ती बांधावरून खाली उतरली. पन्नास पावलं, साठ पावलं. सगळ्यांना वाटलं, हरली, घरी निघाली. पण चिखलाच्या मध्यावर ती थांबली, बांधाकडे पाठ ठेवूनच. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटापासून हाक टाकली.

"केसूदादाऽऽ, पानी कवाऽऽ?"

खुर्ची मागे कोसळली. म्हातारा ताठ उभा होता. छाती पुढे, हनुवटी वर, आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो जुना राजाचा गळा घुमला.

"आज आठम, भांग हाय! पानी न्हाय चढायचा! बिजेला ये, दीडाच्या ठोक्याला!"

तिवरातले दोन बगळे उडाले. 

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू आलं की."

केसूदादा खुर्ची उचलायला वाकले. वेळ काढायला याहून चांगलं काम जवळ नव्हतं.

"बाबा, बस्स झालं," दीपेश म्हणाला.

"भांग म्हणजे काय, काका?"

आणि मग त्यांना थांबवणं दीपेशच्या हातात उरलं नाही. उघाडी गेल्यापासून त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "मॅडम, अवसेला नि पुनवेला खाडीला उधान येतंय. त्याच्या मंगारी दोन दिस जोर जास्ती. आठमीला पानी मेलेला, त्यो भांग. तिथीची पाऊनपट करा, भरतीची येळ येते. आठमीचे सा वाजता. तुमी आलाव साडेअकराला, म्हंजी पुऱ्या ओहोटीला, त्या पन भांगाच्या. बिजेचा दीड. घड्याळ लावून बगा."

मॅडमनी खरोखर बोटांवर हिशेब केला. मग कारकुनाला म्हणाल्या, "आधीचं वाक्य खोडा. लिहा, पाहणीचा दिवस अष्टमी, भांग. बिजेला पुन्हा पाहणी."

"तिथी लिहू?" कारकून चक्रावला. "तारीख असते मॅडम."

"दोन्ही लिहा."

त्या संध्याकाळी घरात नागसेन जेवला नाही. तो एका गोदामात माल चढवायच्या कामावर होता. सुपरवायझरची ड्युटी म्हणजे खांद्यावरची पोती उतरणार होती. "आये, तुला काय मिलनार यातून?" त्यानं विचारलं. मंदानं ताटात मोरस वाढली आणि म्हणाली, "गोदामा दीडशे हायेत नागसेन. दुसरं कुटं तरी सुपरवायझर होशील. खाजन दुसरा कुटून आनू?" तो उठून गेला. दार मात्र आपटलं नाही.

अष्टमी ते बीज, मधे नऊ दिवस. आठव्या दिवशी मात्र घात झाला.

पाडव्याची सकाळ. गावात घरोघर गुढ्या उभ्या राहत होत्या. मंदा पाइपाचं तोंड बघायला गेली आणि जागीच थबकली. तोंड दिसतच नव्हतं. एक अख्खा डंपर तिथं ओतलेला. विटांचे तुकडे, लाद्या, काँक्रीटचे चाकाएवढे गठ्ठे. कुणी ओतला, ते सांगायला कुणी नव्हतं. उद्या दुपारी दीडला पाणी या भिंतीशी येऊन परत जाईल, मॅडमना आतलं खाजण कोरडंच दिसेल, आणि या वेळी तिथीही उपयोगी पडणार नाही.

तिनं पदर खोचला आणि वरून उपसायला सुरुवात केली. तासाभरात टोपलीभर फरक पडला. हाताला फोड आले. कमर बोलायला लागली.

"वरना काय उकरतंस येड्यासारी?"

केसूदादा बांधावर उभे होते. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात कडुलिंबाची डहाळी. गुढी उभारून सरळ इथं आलेले.

"मंग काय करू?" मंदा ओरडली.

"मना काय ठावं. मी काय तुला मदत कराला न्हाय आलो. दीप्या माझा पोर हाय." ते बांधावर बसले, तिच्याकडे पाठ करून, आणि हवेला सांगावं तसं बोलायला लागले. "पन उघाडीचा तोंड गाळानं बसला ना, तर आमी खालना पोकरायचो. आता सुकती हाय, पानी भायेर गेलाय. तलाला हात जाईल एवरा भोक पाड, खाडीच्या बाजूनं. बाकीचा पानीच ढकलतंय. त्याला वाट लागत न्हाय, फट लागते."

मंदानं जागा बदलली. खाडीच्या बाजूनं, अगदी तळाला, पालथी पडून ती हातानं विटा ओढू लागली. थोड्या वेळानं तिच्या डोक्यावर सावली आली. नागसेन होता, कामाच्या खाकी शर्टात, हातात पहार. प्रियंकानं फोन केला असणार.

"सरक," तो म्हणाला. "तुझ्या कमरेचा औषध मनाच आनावं लागतंय."

दहा वाजेपर्यंत हात जाईल एवढी फट पडली. उरलेल्या वेळात केसूदादा सरळ तिच्याशी बोलले, तेही एकदाच. तिनं विचारलं होतं, "दादा, त्या दिवशी बोललाव कशाला? गप बसला असतां तर जमीन सोन्याची झाली असती."

म्हाताऱ्यानं हातातली कडुलिंबाची डहाळी बांधाच्या मातीत रोवली. "चालीस वर्सं मी त्याला भायेर ठेवला, मंदे. ऊन म्हनला न्हाय, पाऊस म्हनला न्हाय. आता त्यो येतच न्हाय असा बोललो, तर मंग मी चालीस वर्सं केला काय?"

पाडव्याच्या भरतीनं ती फट चाचपून बघितली, दोन-चार विटा हलवल्या आणि परत गेली. रात्रीच्या भरतीनं आणखी थोडं काम केलं.

बीज. दुपारचा एक. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला जमावीत तशी माणसं जमली. वस्तीतल्या बायका एका बाजूला, गावातली माणसं दुसऱ्या. टवाळ पोरंही होती, पण आज कुणी 'म्युनिसिपालटी' म्हटलं नाही. मॅडम या वेळी शहाणपणानं आल्या होत्या. चपला बांधाच्या पायथ्याशी काढून अनवाणी खाली उतरल्या. दीपेशनं मोटारसायकल मुद्दाम खाली, कोरड्या चिखलावर आणून लावली आणि तिच्यावर बसला. केसूदादा प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला पांढरी टोपी.

एक वाजून दहा. भेगाळलेला चिखल, ऊन. वीस. दीपेशनं सगळ्यांना दिसेल असं घड्याळ बघितलं. मंदाच्या तळव्यांतले फोड ठणकत होते. तिची नजर पाइपावरून हलत नव्हती. नागसेन तिच्या मागे उभा होता.

"दीड बोललोय," केसूदादा कुणी न विचारता म्हणाले.

आधी चिंबोऱ्यांना कळलं. बिळाबिळाच्या तोंडाशी त्या येऊन बसल्या. मग चिखलातून बुडबुडे. मग विंगेतल्या नटानं प्रवेशाआधी घसा खाकरावा तसा पाइपातून एक आवाज आला, आणि एक वीट गडगडत आत आली. तिच्यामागून पाणी. आधी जिभेएवढं, मग पदराएवढं. मग पाइपाच्या तोंडातला सगळा डबर एकदम ओकला गेला आणि खाडी आत शिरली, चिखलाच्या रेघारेघांतून, जणू तिला प्रत्येक गल्ली तोंडपाठ होती. भेगा मिटल्या. तिवरांची बोटं एकेक करून बुडाली. निवट्या उड्या मारत पाण्यापुढे पळायला लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दीपेश उतरला आणि मोटारसायकल ढकलत बांधावर चढवायला लागला; चाक रुतलं तेव्हा नागसेननं मागून हात लावला.

मॅडम मोबाइलवर फोटो घेत होत्या, घोट्याएवढ्या पाण्यात, लहान मुलीसारख्या. कारकुनाला त्यांनी सांगितलं, "लिहा. बीज, दुपारी दीड. भरतीचं पाणी सर्व जागेत." मग त्यांना वहीतला तो रकाना आठवला. "आजी, हा कोरा राहिलाय. या जमिनीशी तुमचा संबंध काय लिहू?"

मंदा त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बांधाच्या पायथ्याकडे बघत होती. म्हणाली,

"ते मंगारी ल्हिवा मॅडम. आदी चपला उचला, पानी अजून चढतंय."